पेटीवाले

१. पेटीवाले : वऱ्हाडात हार्मोनियम म्हणजे पेटी, आणि ती वाजवणारा ‘पेटीवाले’, नाव विचारायची तसदी सहसा कुणी घेत नाही. मूर्तिजापूरला (जि. अकोला) जन्मलेल्या वसंतराव देशपांड्यांच्या गाण्यावर तासभर बोलणारे अमरावतीत आजही भेटतील. त्यांना साथ करणारे जालन्याचे आप्पा जळगावकर (१९२२–२००९) मात्र ‘पेटीवर होते कुणीतरी’ एवढ्यावर उरकले जातात. खरे तर वसंतरावांच्या मागे बसणे सोपे नव्हते, तान कुठे वळेल याचा नेम नसे. डाव्या हाताने भाता चालता ठेवायचा, उजव्याने ती वळणे निमिषभर मागून टिपायची, गवई श्वासाला थांबला की तेवढीच फट भरायची आणि लगेच मागे सरायचे. आकाशवाणीने १९४० पासून तीसेक वर्षे पेटीला दाराबाहेर ठेवले, त्यामुळे ही कला बैठकीतच वाढली. रोलिंग स्टोन्स या रॉक बँडच्या कितीतरी रेकॉर्डांवर पियानो वाजवणारा इंग्लंडचा निकी हॉपकिन्स (१९४४–१९९४) अशाच, नाव मागे राहणाऱ्या साथीदारांच्या जातकुळीचा.