ध्वनिमुद्रिकांचे समकरण आणि धारित्रांची निवड : रत्नागिरीशी निगडित एक उदाहरण

वि. दा. सावरकर यांनी रत्नागिरीतील स्थानबद्धतेच्या काळात (१९२४–१९३७) लिहिलेले ‘संन्यस्त खड्ग’ हे नाटक बळवंत संगीत मंडळीने १९३१ साली रंगभूमीवर आणले. त्यातील पदांच्या चाली रामकृष्णबुवा वझे यांच्या असून मास्टर दीनानाथ मंगेशकर यांनी गायिलेल्या काही पदांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. दीनानाथ १९४२ साली निवर्तले. त्यांच्या आवाजाविषयी आज जे विधान करावयाचे, त्याला समकालीनांच्या आठवणींखेरीज मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या या तबकड्यांचाच मुख्य आधार उरतो. परंतु तबकडी हे आपोआप बोलणारे साधन नव्हे. ती ज्या पूर्ववर्धकातून ऐकली जाते त्यातील रोध व धारित्रे, म्हणजे व्यवहारातील कंडेन्सर, तिच्या साक्षीत भर घालीत अथवा घट करीत असतात.

याचे मूळ मुद्रणाच्या पद्धतीत आहे. १९२५ पूर्वी गायकाचा आवाज कर्ण्यातून थेट खोदणसुईपर्यंत नेला जाई. त्या मुद्रणास विद्युत्-समकरण असे नव्हतेच. १९२५ साली विद्युत्-मुद्रण प्रचारात आले. सुईचा वेग सर्व स्वरांस सारखा ठेवला तर मंद्र स्वरांची आंदोलने इतकी रुंद होतात की, शेजारची खाच फुटण्याचा धोका उद्भवतो. म्हणून एका ठरावीक कलाटणी-वारंवारतेखाली मंद्र स्वर मुद्दाम क्षीण करून खोदीत आणि वादनाच्या वेळी ते पूर्ववत उचलून घ्यावे लागत. इंग्लंडात ॲलन ब्लमलाइन यांनी सिद्ध केलेल्या पद्धतीत ही कलाटणी सुमारे २५० हर्ट्झवर असून तार स्वरांत वाढ केलेली नसे. पुढे १९५४ मध्ये अमेरिकेतील मुद्रिका-उत्पादकांच्या संघाने ३१८०, ३१८ व ७५ मायक्रोसेकंद असे तीन कालांक असलेला वक्र प्रमाण मानला. विनायलच्या दीर्घवादी तबकड्यांचा तो सर्वमान्य नियम ठरला.

आज उपलब्ध असलेली बहुतेक यंत्रे याच १९५४ च्या नियमानुसार बांधलेली असतात. २५० हर्ट्झची कलाटणी असलेली, तार स्वरांत वाढ नसलेली जुनी तबकडी त्यांवर वाजविल्यास १००० हर्ट्झच्या मानाने १०० हर्ट्झजवळचा भाग चार ते पाच डेसिबेलने फुगतो आणि ५००० हर्ट्झवर सुमारे ८ डेसिबेलची तूट येते. अशा वादनात आवाज जड व मंद भासतो, तानेची धार बोथट होते आणि शब्दांतील ऊष्म वर्ण मावळतात. लाखेच्या तबकडीची खरखरही त्याबरोबर कमी होत असल्याने श्रोत्याला हा दोष गुणच वाटतो, हे येथे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. दीनानाथांचा आवाज ज्या तार सप्तकातील झेपेसाठी नावाजला, तिचे मूल्यमापन अशा वादनावरून करणे म्हणजे यंत्राचा दोष गायकाच्या पदरी बांधणे होय.

कालांक म्हणजे रोध व धारिता यांचा गुणाकार. १० नॅनोफॅरडच्या धारित्रास ३१.८ किलोओहमचा रोध जोडला असता ३१८ मायक्रोसेकंद, म्हणजे ५०० हर्ट्झची कलाटणी मिळते; रोध ६३.६ किलोओहम केला की ६३६ मायक्रोसेकंद, म्हणजे २५० हर्ट्झची. यावरून एक व्यावहारिक सूत्र निघते : उत्तम धारित्र एकच ठेवावे आणि कलाटणी बदलण्यासाठी रोध बदलावा. जुन्या कंडेन्सरांत छापील मूल्यापासून २० टक्क्यांचा फरक सर्रास आढळतो. एवढी वाढ कलाटणीच्या ठिकाणी जवळजवळ ०.९ डेसिबेलची आणि उतरणीच्या भागात सुमारे १.६ डेसिबेलची चूक घडविते. म्हणून छापील आकड्यावर न विसंबता धारिता मोजून घेणे अगत्याचे ठरते.

धारित्राच्या विद्युत्-रोधक द्रव्याचा विचार यानंतर येतो. उच्च धारितेच्या मृत्तिका-प्रकारात विद्युद्दाब व तापमान यांनुसार मूल्य ढळते. म्हणून तो समकरणास वर्ज्य समजावा. अभ्रक, पॉलिस्टायरीन व पॉलिप्रॉपिलीन हे प्रकार स्थिर असतात. पॉलिस्टायरीनची धारिता दर अंशास दशलक्षात सुमारे दीडशे भागांनी घटते. तापमान १५ अंशांनी बदलले तरी फरक पाव टक्क्याहून कमीच राहतो. रत्नागिरीच्या समुद्रकाठच्या सौम्य तापमानात हा प्रश्न गौण आहे. तेथील खरा शत्रू आर्द्रता होय. पावसाळ्याचे चार महिने हवा ओलसर राहते आणि मेणकागदी कंडेन्सर ती ओल शोषून घेतात. त्यांतून गळणारा प्रवाह पुढील निर्वात नलिकेच्या जाळीवर धनदाब आणून आवाज विकृत करतो. म्हणून किनारपट्टीवरील संग्रहात जुने यंत्र चालू करण्यापूर्वी कागदी कंडेन्सर बदलणे हे पहिले कर्तव्य ठरते.

या विवेचनातून प्राधान्याचा क्रम स्पष्ट होतो. वक्र चुकला तर आठ डेसिबेलपर्यंतचा फरक पडतो, मूल्य चुकले तर एक-दोन डेसिबेलचा. सुस्थितीतील दोन चांगल्या द्रव्यांमधील भेद त्याहून पुष्कळच लहान असतो. रसिकांचा वाद मात्र बहुधा या शेवटच्या मुद्द्यावरच रंगतो. हस्तलिखिताचा आधार देताना प्रत व पाठ यांचा निर्देश करण्याची शिस्त संशोधकांनी अंगी बाणविली आहे. ध्वनिमुद्रिकेचा आधार देतानाही कोणती कलाटणी योजली व धारिता मोजली होती काय, हे नमूद करण्याचा प्रघात पडला पाहिजे. तसे झाल्यावाचून एखाद्या दिवंगत गायकाच्या आवाजाविषयी काढलेला निष्कर्ष तपासून पाहण्याचा मार्ग पुढील अभ्यासकास खुला राहणार नाही.