न्यायसभेचें तोंड

न्यायखात्याच्या वतीनें लोकांपुढें बोलण्यास सरकारी प्रवक्ता नेमावा, ही रीत अलीकडची आहे. इराणांत असा अधिकारी असून खटल्यांची हकीकत तो वृत्तपत्रांस कळवीत असतो. मराठशाहींत असा हुद्दा आढळत नाहीं. मग निकाल लोकांस कोण सांगे, आणि लोक तो खरा कां मानीत? याचें उत्तर दप्तरांतील कागदांतच शोधिलें पाहिजे.

वतनाचा तंटा गोतसभेपुढें आला म्हणजे आधीं उभय पक्षांकडून राजीनामे व जामीन घेत. मग तकरिरा, साक्षी, प्रसंगीं दिव्य, आणि अखेर महजर. ‘महजर’ शब्द मूळचा अरबी, अर्थ हजेरी. निकाल कोणीं केला यापेक्षां कोणाच्या देखत झाला, याची काळजी या कागदांत अधिक दिसते. देशमुख, देशपांडे, शेटे-महाजन, पाटील, बलुतेदार अशी हाजीर मजालसीची लांबलचक यादी असते. ज्यास लिहितां येत नसे तो आपल्या धंद्याची निशाणी करी. पाटलाचा नांगर तर सर्वांच्या परिचयाचा आहे. वाचणारे ही यादी ओलांडून मजकुराकडे धांवतात. आमच्या मतें महजराचें बळ त्या यादींतच आहे. कारण निकाल घरोघर नेणारे तेच लोक.

याहून नवलाची चीज येजितखत. हरलेला पक्षच जिंकणारास स्वहस्तें लिहून देई कीं, आपला वाद खोटा ठरला, पुढें कटकट करणार नाहीं. म्हणजे न्यायसभेची बाजू पराभूताच्या तोंडून वदविली जाई! जिंकणाराकडून हरकी व हरणाराकडून गुन्हेगारी सरकार घेई, हें निराळें.

कागदावांचून न्यायाधीश बोलल्याचें प्रसिद्ध उदाहरण एकच, रामशास्त्री प्रभुणे यांचें. ता. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं नारायणराव पेशव्यांचा खून झाला. शास्त्रीबोवांनीं राघोबादादांस तोंडावर दोष दिला व पुणें सोडलें, ही हकीकत ग्रँट डफच्या १८२६ सालीं छापलेल्या इतिहासांत आहे. ‘धरावें’चें ‘मारावें’ केल्याची गोष्टही तेथेंच आहे. तेव्हां या प्रसंगींही तपासाचा मुद्दा एका चिठ्ठींतील एका अक्षरावर आला, हें संशोधकानें विसरूं नये. मात्र गोतसभेच्या निकालास शेंकडों साक्षी लाभत. शास्त्रीबोवांच्या शब्दामागें त्यांचें स्वतःचें वजन तेवढें होतें. सत्ताधीशाविरुद्ध निवाडा बजावणारें कोणी नव्हतें, म्हणूनच त्यांस शहर सोडावें लागलें.

संग्राहकांस एक विनंति. महजराचे बंद एकास एक चिकटविलेले असतात व सांध्यावर पाठीमागें शिक्का असतो. शिक्क्याच्या लोभानें बंद सुटे करूं नयेत. सांधा तुटला कीं वरचा निकाल आणि खालचे साक्षी एकाच सभेचे होते हें सिद्ध करणें कठीण होतें. महजर व येजितखत दोन्ही बहुधा जिंकणाराच्या घरीं राहत. म्हणून एक हातीं लागल्यास त्याच रुमालांत दुसरें अवश्य पाहावें.