रुग्णाचा शब्द : झाशीच्या निमित्ताने रुग्णालयीन मुक्कामाचा एक इतिहास

रुग्णालयांचा इतिहास बहुधा इमारतींचा, देणगीदारांचा आणि नामवंत शल्यविशारदांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. खाटेवर पडलेल्या माणसाचा इतिहास मात्र विखुरलेल्या उल्लेखांतून गोळा करावा लागतो. घराबाहेर, परक्या छपराखाली, परक्या हातांच्या स्वाधीन झालेल्या रुग्णाची अपेक्षा काय असते, त्याच्या शब्दाला किती वजन मिळते आणि तो स्वतः काय करू शकतो, हे प्रश्न त्या इतिहासाच्या मुळाशी आहेत. मराठी माणसाच्या दृष्टीने या प्रश्नांचा मागोवा घेण्यास झाशी हे शहर अनेक कारणांनी सोयीचे आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून मराठी सत्तेखाली असलेल्या या बुंदेलखंडी शहरात मराठी कुटुंबे, मराठी कागदपत्रे आणि मराठी आठवणी रुजल्या. तेथील आजारपणाची एक कथा तर थेट भारताच्या इतिहासाशी जोडली गेली आहे.

ही कथा गंगाधरराव नेवाळकरांच्या अखेरच्या आजाराची. नोव्हेंबर १८५३ मध्ये ते झाशीच्या वाड्यात अंथरुणाला खिळले होते. आसन्नमरण अवस्थेतही ते आपल्या घरी होते आणि घरातील सत्ता त्यांचीच होती. २० नोव्हेंबर रोजी त्यांनी आप्तांपैकी एका लहान मुलाला विधिपूर्वक दत्तक घेतले. ब्रिटिश अधिकारी मेजर एलिस आणि कॅप्टन मार्टिन त्या प्रसंगी उपस्थित होते. या मुलाचा सांभाळ व्हावा आणि राणीच्या हयातीत राज्यकारभार तिच्याकडे असावा, अशी विनंती करणारा खलिता गंगाधररावांनी एलिस यांच्या हवाली केला. दुसऱ्या दिवशी त्यांचे देहावसान झाले. पुढे लॉर्ड डलहौसी यांनी दत्तकविधान मान्य केले नाही आणि १८५४ मध्ये झाशी खालसा झाली. राजकीय इतिहासात हा प्रसंग संस्थान विलीन करण्याच्या धोरणाचे उदाहरण म्हणून येतो. रुग्णाच्या बाजूने पाहिल्यास त्याचा आणखी एक अर्थ लागतो. शुद्धीवर असलेल्या, साक्षीदारांसमोर बोललेल्या आणि लेखी शब्द दिलेल्या एका आजारी माणसाचे म्हणणे त्याच्या मृत्यूनंतर बाजूला ठेवले गेले. घरच्या आजारपणात रुग्णाचा शब्द उच्चारला जातो, पण तो मानायचा की नाही, हे अखेर बाहेरच्या सत्तेनेच ठरविले.

१८५७-५८ च्या धामधुमीत झाशीतील जखमींची शुश्रूषा ही घर आणि रणांगण यांच्या मध्ये घडणारी गोष्ट होती. कोकणातील वरसई गावाहून उत्तरेत गेलेल्या विष्णुभट गोडसे यांनी झाशीचा वेढा प्रत्यक्ष अनुभवला होता. त्यांचा ‘माझा प्रवास’ हा वृत्तान्त चिं. वि. वैद्य यांच्या संपादनाने १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी, १८९४ मध्ये, द. ब. पारसनीस यांचे राणी लक्ष्मीबाईंचे चरित्र बाहेर आले होते. जखमा बांधल्या जात असताना राणीसाहेब स्वतः जखमींजवळ उभ्या राहत आणि त्यांची विचारपूस करीत, ही मराठी चरित्रपरंपरेतील प्रसिद्ध आठवण आहे. या आठवणीत औषधापेक्षा उपस्थितीला अधिक महत्त्व दिलेले दिसते. जबाबदार व्यक्तीने जवळ येऊन विचारावे, ही रुग्णाची अपेक्षा आधुनिक रुग्णालयाहून जुनी आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुग्णालय ही संस्था बुंदेलखंडाच्या आणि महाराष्ट्राच्या जीवनात हळूहळू शिरली. मध्यम आणि वरच्या वर्गांतील लोकांना तिथे जाणे नकोसे वाटे. ज्याला घर नाही, ज्याची सेवा करणारे कोणी नाही, त्याने इस्पितळात जावे, अशी समजूत होती. त्यामागे केवळ अज्ञान होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. अन्न कोणी शिजविले, अंगाला कोणी हात लावला, मृत्यू आल्यास क्रियाकर्म कोण करणार, या प्रश्नांची उत्तरे इस्पितळ देत नव्हते. स्त्रियांची अडचण तर याहून कठीण होती. परपुरुष वैद्यासमोर देहाचे दुखणे सांगता येत नाही आणि स्त्री-वैद्य मिळत नाही, अशा कोंडीत त्या सापडल्या होत्या.

ही कोंडी जगासमोर मांडणारा एक महत्त्वाचा निरोप बुंदेलखंडातूनच गेला. पन्नाच्या महाराणींवर लखनौच्या मिशनमधील वैद्यक जाणणाऱ्या एलिझाबेथ बीलबी यांनी उपचार केले. आजारपणात हिंदुस्थानातील स्त्रियांना किती यातना सोसाव्या लागतात, हे व्हिक्टोरिया राणीला कळवावे, अशी विनंती महाराणींनी त्यांना केली. हा निरोप लॉकेटमध्ये मावेल इतक्या बारीक अक्षरांत लिहिला गेला आणि १८८१ मध्ये बीलबींनी तो राणीपर्यंत पोहोचविला. पुढच्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी हंटर आयोगासमोर साक्ष देताना स्त्री-शिक्षिकांबरोबर स्त्री-डॉक्टरांची निकड मांडली. १८८५ मध्ये लेडी डफरिन यांच्या पुढाकाराने स्त्रियांना वैद्यकीय साहाय्य पुरविण्यासाठी निधी उभा राहिला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेत एम. डी. झाल्या आणि कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागासाठी त्यांची नेमणूक झाली. परंतु कामाला प्रारंभ होण्यापूर्वीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, त्यांचे निधन झाले. खुद्द झाशीतही अमेरिकेतील स्त्रियांच्या एका मिशनरी संघटनेने शतकाच्या अखेरीस स्त्रियांसाठी वैद्यकीय कार्य उभे केले. या सर्व घडामोडींच्या प्रारंभी रुग्णांनीच मांडलेले गाऱ्हाणे आहे, ही गोष्ट नजरेआड होऊ नये. रुग्णालयाची रचना रुग्णाच्या बोलण्याने बदलू शकते, याचा हा आरंभीचा भारतीय पुरावा होय.

याच्या अगदी उलट अनुभव प्लेगने दिला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उघडकीस आला. घरोघर झडती, रोग्याला बळाने उचलून नेणे आणि नातेवाइकांपासून तोडणे यांमुळे लोकांच्या मनात रुग्णालयाची धास्ती बसली. ऑक्टोबर १८९६ अखेर मुंबईच्या आर्थर रोड रुग्णालयावर गिरणीकामगारांच्या जमावाने हल्ला केला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला आणि पुण्यात प्लेग समितीचे प्रमुख रँड यांच्या कारवाईने लोकक्षोभ टोकाला गेला. त्याच पुण्याने दुसरी वाटही दाखविली. सावित्रीबाई फुले यांनी पुत्र डॉ. यशवंत यांच्यासह हडपसरजवळ प्लेगग्रस्तांसाठी दवाखाना चालविला आणि सेवा करतानाच रोगाची लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. हिंदू प्लेग रुग्णालयाच्या उभारणीत टिळकांनीही भाग घेतला. रोग एकच, विलगीकरणाची गरजही एकच. परंतु जिथे रुग्णाला आपली माणसे आणि आपले अन्न मिळे, तिथे तो आपल्या पायांनी जाई. सक्तीने आणलेला रुग्ण आणि विश्वासाने आलेला रुग्ण यांत औषधाचा फरक नसतो, संबंधाचा असतो.

स्वातंत्र्यानंतर हा संबंध कायद्याच्या भाषेत लिहिला जाऊ लागला. तातडीच्या प्रसंगी कोणत्याही डॉक्टरने प्राण वाचविण्यास प्राधान्य द्यावे, पोलिसी सोपस्कारांसाठी थांबू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात सांगितले. १९९५ च्या निर्णयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आली. जिथे सर्वांनाच संपूर्ण मोफत सेवा मिळते, त्या संस्था मात्र त्यातून वगळल्या गेल्या. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनी रुग्णाने मागणी केल्यास त्याचे वैद्यकीय कागदपत्र ७२ तासांत देण्याचे बंधन घातले. २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने संमतीचा अर्थ स्पष्ट केला : तपासणीसाठी दिलेली संमती शस्त्रक्रियेची संमती होत नाही, उपचाराचे स्वरूप, धोके आणि पर्याय समजावून सांगितल्यावरच दिलेली संमती खरी, अपवाद फक्त जीव वाचविण्याच्या निकडीचा. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये १७ हक्कांची रुग्णहक्क सनद मांडली. माहिती, गोपनीयता, दुसऱ्या डॉक्टरचे मत, दरांची पारदर्शकता, तक्रारीची दाद यांचा तिच्यात समावेश आहे. बिल थकले म्हणून रुग्णाला किंवा मृतदेहाला अडकवून ठेवता येणार नाही, असेही ती सांगते. महाराष्ट्राने २०२१ मध्ये शुश्रूषागृहांसंबंधीच्या नियमांत रुग्णहक्कांची सनद अंतर्भूत केली.

या तरतुदींचा व्यवहारातील अर्थ साधा आहे. दाखल झालेल्या माणसाने किंवा त्याच्या नातलगाने उपचार करणाऱ्या डॉक्टरचे नाव, निदान, पुढील योजना आणि अंदाजे खर्च विचारावा. पूर्वीचे आजार, चालू औषधे आणि औषधांची वावडी लपवू नयेत. संमतीपत्र वाचून किंवा आपल्या भाषेत समजावून घेऊनच सही करावी. घरी जाताना निदान, दिलेले उपचार आणि पुढची औषधे यांची लेखी नोंद घ्यावी. विचारण्याचा हक्क आणि खरे सांगण्याचे कर्तव्य एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. रागाच्या भरात डॉक्टर-परिचारिकांवर हात उगारल्याने तो हक्क बळकट होत नाही, उलट दुसऱ्या रुग्णाचा उपचार खोळंबतो.

झाशीत १९६८ मध्ये राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेश यांच्या सीमेवरील बुंदेलखंडाचे ते मोठे आश्रयस्थान ठरले. दूरच्या खेड्यांतून येणाऱ्या रुग्णामागे इथे बहुधा सारे घर येते आणि आवारातच मुक्काम ठोकते. १५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री या रुग्णालयातील नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागाला आग लागली. विभागात क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक बालके होती. खिडक्या फोडून अनेकांना बाहेर काढण्यात आले. तरीही त्या रात्री दहा बालकांचा मृत्यू झाला आणि पुढील दिवसांत मृतांची संख्या वाढली. आपले मूल कोठे आहे, याचा शोध काही आईबापांना त्या धुरात आणि गोंधळात घ्यावा लागला.

या घटनेपाशी रुग्णहक्कांची चर्चा एका मर्यादेवर येऊन ठेपते. नवजात बालक प्रश्न विचारू शकत नाही, संमती देऊ शकत नाही, दाराकडे धावू शकत नाही. त्याच्या वतीने बोलणारे आईबाप संसर्गाच्या भीतीमुळे बाहेर उभे असतात, आणि ती भीती वैद्यकीयदृष्ट्या रास्तच असते. म्हणजे आपला शब्द त्यांनी विश्वासाने संस्थेकडे ठेव म्हणून दिलेला असतो. खाटांची संख्या, विजेच्या यंत्रणेची तपासणी, मोकळे ठेवलेले बाहेर जाण्याचे मार्ग, बालकाची पुसली न जाणारी ओळख हे सारे त्या ठेवीचे व्याज नव्हे, मुद्दल आहे. सनदेतील सुरक्षित उपचाराच्या हक्काचा अर्थ सर्वांत कठोरपणे इथेच कळतो. जो बोलू शकतो त्याचे ऐकणे ही रुग्णालयाची सभ्यता. जो बोलू शकत नाही त्याच्यासाठी आधीच तयारी ठेवणे हे त्याचे कर्तव्य.

१८५३ मध्ये झाशीच्या वाड्यात एका आजारी माणसाने अखेरचा शब्द लिहून दिला आणि तो मानला गेला नाही. त्यानंतरच्या पावणेदोनशे वर्षांत लॉकेटमधील निरोपापासून छापील सनदेपर्यंत रुग्णाच्या शब्दाने लांबचा प्रवास केला. शब्द लिहिण्याची सोय आता झाली आहे. तो पाळला जातो की नाही, याची परीक्षा मात्र अजूनही प्रत्येक रात्री, प्रत्येक खाटेपाशी नव्याने होत असते.