पोटातली पोकळी

कवायतीच्या तासाला ‘छाती पुढे, पोट आत’ अशी आरोळी ठोकणाऱ्या माणसाला, पोट आत जाते म्हणजे नेमके काय होते, हे विचारण्याची आपल्याकडे पद्धत नव्हती. अंग कमवावे कसे हे तालमीतल्या वस्तादाला पक्के ठाऊक असे. कातडीखाली काय चालते ते डॉक्टरांनी पाहावे, अशी सोयीस्कर वाटणी होती. मी शाळामास्तर. कवायतीचा तास अधूनमधून माझ्याही गळ्यात पडतो. म्हणून ही वाटणी न मानणाऱ्या एका गृहस्थांची हकीकत सांगावीशी वाटते. तेही आधी शिक्षकच होते.

जगन्नाथ गणेश गुणे हे त्यांचे नाव. पुढे लोक त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणू लागले. जन्म १८८३ चा, गुजरातेतल्या डभोईचा. बडोद्यास राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली त्यांनी देशी व्यायामाचे धडे घेतले. नंतर ते खानदेशात अंमळनेरला शिकवू लागले. साने गुरुजी तेथल्या शाळेत येण्याच्या आधीची ही गोष्ट. पुढे नर्मदाकाठच्या मालसरला परमहंस माधवदासजींपाशी योगाचे शिक्षण झाले. इथवरची कथा आपल्या ओळखीची आहे. गुरू भेटला, शिष्य रमला, आता दाढी वाढायची आणि चमत्कार सुरू व्हायचे! पण या शिष्याने १९२०-२१ च्या सुमारास काय करावे? बडोद्याच्या इस्पितळात जाऊन विद्यार्थ्यांना उड्डियान आणि नौली करायला लावली, आणि त्यांच्या पोटावर क्ष-किरण धरविले!

उड्डियानाची कृती पाहण्यासारखी असते. श्वास पुरता बाहेर टाकायचा, घसा मिटायचा आणि श्वास घेतल्यासारख्या फासळ्या उचलायच्या. मात्र हवा आत येऊ द्यायची नाही. छातीचा पिंजरा रुंदावतो, आत भरायला हवा नसते, म्हणून छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा वर ओढला जातो आणि त्यामागून पोट पाठीकडे खोल जाते. नौलीत याच्यापुढची पायरी. फासळ्यांपासून ओटीपोटाच्या हाडापर्यंत मधोमध दोन उभे स्नायू असतात. तेवढेच आवळून पुढे काढायचे. खोलगट पोटात मध्येच दोरखंडासारखा वळ उभा राहतो. प्रथम पाहणारा दचकतोच.

आता खरी मौज. हठयोगात बस्ति म्हणून एक क्रिया आहे. (फराळाच्या ताटाशेजारी हा विषय काढला म्हणून गृहिणींनी रागावू नये, आतडी काही फराळाला परकी नाहीत.) साधक गुदद्वारात नळी घालून पाण्यात बसतो, नौली करतो, आणि पाणी आपोआप मोठ्या आतड्यात चढते. भाविक म्हणत, योगसामर्थ्य. शिकलेले म्हणत, थाप. गुण्यांनी दोघांचेही न ऐकता दाब मोजायचे ठरविले. १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम निघाले आणि तेथे दाबमापकातल्या पाऱ्याने उत्तर दिले: नौलीच्या वेळी आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो. पिचकारीचा दट्ट्या मागे ओढल्यावर पाणी आत यावे, तसेच हे. चमत्कार नाही आणि थापही नाही. या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले: ‘माधवदास पोकळी’. गुरुदक्षिणा म्हणून एखाद्याने पोकळी अर्पण केल्याचे दुसरे उदाहरण मला तरी ठाऊक नाही!

हा निकाल आपल्या बाजूचा होता. तो छापायला धैर्य लागत नाही. मला त्यांचा मोठेपणा दुसऱ्या निकालात दिसतो. प्राणायामाने शरीराला भरपूर प्राणवायू मिळतो, ही योगाभिमान्यांची आवडती बढाई. कुवलयानंदांनी श्वासातली हवा तपासली आणि सांगितले की, तसे होत नाही. प्राणायामाची किंमत प्राणवायूच्या मापात नाही, ती शरीरातल्या दाबांत आणि मज्जातंतूंवरच्या परिणामात शोधावी. हे त्यांनी लपविले नाही. ‘योगमीमांसा’ या आपल्याच नियतकालिकातून असे प्रयोग त्यांनी प्रसिद्ध केले. शरीरशास्त्राशीही हे जुळते. निरोगी माणूस स्वस्थ बसलेला असतानाच त्याच्या फुप्फुसातून निघालेल्या रक्तातले तांबडे द्रव्य प्राणवायूने जवळजवळ पुरते भरलेले असते. भरल्या घागरीवर आणखी ओतून काय मिळणार? हवेत प्राणवायू शंभरात एकवीस भाग. उच्छ्वासात सोळाएक भाग परत बाहेर पडतोच. धावताना मागणी वाढते ती स्नायूंची, आणि मग छातीचा भाता आपण होऊन जोरात चालू लागतो.

१९३६ मध्ये शाळांतल्या मुलांना घोळक्याने करता यावेत असे व्यायाम बसवून त्यांनी ‘यौगिक संघ व्यायाम’ हे पुस्तक काढले. दोनच वर्षांनी, १९३८ मध्ये, मुंबई सरकारने कांदिवलीस व्यायामशिक्षकांसाठी शिक्षणसंस्था उघडली, आणि शरीररचनेचा अभ्यास हा मैदानावरच्या माणसाच्याही वाट्याला आला. स्वामीजी १९६६ मध्ये वारले. लोणावळ्याचे काम आजही चालू आहे. आणि सकाळच्या कवायतीत, शिट्टी तोंडातून काढून, आमच्यातला कोणी ना कोणी अजूनही मुलांना सांगतच असतो: खोल श्वास घ्या रे, प्राणवायू जास्त मिळतो!