शब्दवेध : कुलेब्रोन

स्पॅनिश शिकताना टीव्हीबद्दल बोलायची वेळ आली की पुस्तक ‘तेलेनोवेला’ हा शब्द हाती देतं. नोवेला म्हणजे कादंबरी. अर्थ लगेच उलगडतो. पण बोलण्यातला रसरशीत शब्द वेगळाच आहे : ‘कुलेब्रोन’. लॅटिन ‘कोलुब्रा’वरून स्पॅनिशमध्ये ‘कुलेब्रा’ आला, म्हणजे साप. त्याला मोठेपणा दाखवणारा ‘ओन’ प्रत्यय लागला आणि झाला भलामोठा साप. शेकडो भागांतून वळणं घेत सरपटणाऱ्या मालिकेला याहून नेमकं नाव मला सुचत नाही. व्हेनेझुएलाची १९८५ची ‘क्रिस्ताल’ हा त्याचा ठळक नमुना. पुढे तिने स्पेनलाही वेड लावलं. आता लांबलेल्या राजकीय भानगडीला, फुटबॉलपटूच्या रेंगाळलेल्या कराराला स्पॅनिश वृत्तपत्रं कुलेब्रोनच म्हणतात. शब्द पडद्याबाहेर पडून मोठा झाला, हे मला फार आवडतं.

टीव्हीवरच्या बातम्यांना स्पेनमध्ये ‘तेलेदिआरिओ’ म्हणतात. दिआरिओ म्हणजे दैनिक.

आणि टीव्हीवर काय लागलंय, हे विचारायचं असेल तर? ‘के पोनेन?’ पोनेर म्हणजे ठेवणं, लावणं. मराठी माणसाच्या जिभेवर हे वाक्य सहज बसेल. पहिल्याच आठवड्यात वापरायला घ्या.