पार्थपूरच्या घरातला गोलाध्याय

परभणी जिल्ह्यात मुलांना घरी गणित आणि खगोल शिकवण्याचा ठळक लेखी पुरावा पाथरीचा आहे. गोदावरीच्या उत्तरेकडच्या या गावाचे संस्कृत ग्रंथांतले नाव पार्थपूर. येथे राहणाऱ्या ज्ञानराज या ज्योतिषाने शके १४२५ म्हणजे इ. स. १५०३ च्या सुमारास ‘सिद्धान्तसुन्दर’ हा ग्रंथ रचला. भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’नंतर साडेतीनशे वर्षांनी लिहिला गेलेला हा पहिला मोठा सिद्धान्तग्रंथ मानला जातो. ज्ञानराजाचे दोन मुलगे, चिंतामणी आणि सूर्यदास, दोघेही ज्योतिषी झाले. चिंतामणीने वडिलांच्याच ग्रंथावर टीका लिहिली. ‘जातकाभरण’ लिहिणारा ढुंढिराजही पार्थपूरचाच आणि ज्ञानराजाचा शिष्य. म्हणजे हे घर आपल्या मुलांपुरतेच शिकवत नव्हते, गावातल्या दुसऱ्या घरातला मुलगाही तिथे येऊन बसत होता.

काळ शांततेचा नव्हता. सूर्यदासाचा जन्म १५०७-०८ च्या आसपासचा. तो दहा-अकरा वर्षांचा असताना, १५१८ च्या सुमारास, पाथरी वऱ्हाडच्या इमादशाहीकडून अहमदनगरच्या निजामशाहीने घेतली. निजामशाही घराण्याचे मूळ पाथरीचेच असल्याची परंपरा फरिश्ता या इतिहासकाराने नोंदवली आहे. या गावासाठी दोन्ही राज्यांत पुढेही लढाया झाल्या. त्या धामधुमीतही पार्थपूरच्या या घरातले अध्ययन खंडित झाले नाही.

अशा घरांत शिकण्याचा क्रम सर्वसाधारणपणे ठरलेला असे. आधी पाठांतर, म्हणजे अमरकोश आणि पाढे. पाढ्यांत पावकी, निमकी, दिडकी ही अपूर्णांकांची पाठांतरेही येत. त्यानंतर ‘लीलावती’. मापांची कोष्टके, बेरीज-वजाबाकीपासून घनमुळापर्यंतची परिकर्मे, शून्य, त्रैराशिक, व्याज, क्षेत्रफळ, सावलीचे गणित असा तिचा विस्तार. उदाहरणे रोजच्या पाहण्यातली. बत्तीस हात उंचीचा वेळू वाऱ्याने मोडला आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून सोळा हातांवर जमिनीला टेकला, तर तो किती उंचीवर मोडला? उत्तर १२ हात. काटकोन त्रिकोणाचा नियम बारा-तेरा वर्षांच्या मुलाला समजावा यासाठी याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे. ‘लीलावती’ झाली की बीजगणित, मग ग्रहगणित आणि सर्वांत शेवटी गोल, म्हणजे आकाशाची आणि पृथ्वीची रचना. ‘सिद्धान्तशिरोमणी’चे चार भाग याच क्रमाने येतात.

ज्ञानराजाने हा क्रम बदलला. ‘सिद्धान्तसुन्दर’ गोलाध्यायाने सुरू होते. आधी भुवनकोश, म्हणजे पृथ्वी आणि लोकांची रचना. मग ग्रहांच्या मध्यम गतीमागची उपपत्ती, आकृत्यांनी समजावण्याची युक्ती, आकाशातल्या वर्तुळांचे वर्णन, यंत्रे आणि ऋतुवर्णन. एवढे झाल्यावर ग्रहगणित. बीजगणिताचा भाग वेगळा. शिकवण्याच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. ग्रहगणित आधी शिकणारा मुलगा कोष्टके, गुणक आणि भाजक पाठ करतो आणि आपण नेमके काय मोजत आहोत हे त्याला पुष्कळ उशिरा कळते. गोल आधी पाहिलेल्या मुलाला आकडा येण्यापूर्वी त्या आकड्यामागचे चित्र ठाऊक असते. ज्ञानराजाने हा क्रम घरातल्या मुलांसाठी ठरवला की ग्रंथरचनेच्या कारणाने, याचा निर्वाळा ग्रंथावरून देता येत नाही. पण शिकणाऱ्याला त्याचा लाभ उघड आहे.

भुवनकोशाच्या प्रकरणात आणखी एक अवघड प्रश्न त्याने हाती घेतला. ज्योतिष शिकणारा मुलगा पृथ्वी गोल आहे असे शिकतो आणि त्याच आठवड्यात पुराण ऐकायला बसतो, तेव्हा पृथ्वी सपाट, सात समुद्रांनी वेढलेली आणि शेषाच्या मस्तकावर तोललेली असते. पूर्वीचे सिद्धान्तकार बहुधा पुराणमत खोडून पुढे जात. ज्ञानराजाने दोन्हींतला विरोध मिटवण्याचा प्रयत्न केला. पृथ्वीचा गोल त्याने कायम ठेवला. पण पृथ्वी स्वतःच्या शक्तीने निराधार राहते, हे भास्कराचार्यांचे म्हणणे त्याने नाकारले आणि तिला दैवी आधार मानला. या मुद्द्यावर भास्कराचार्यच खरे होते. तरीही ज्ञानराजाने मतभेद झाकला नाही, तो ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात मांडला. पुढच्या दीड शतकात काशीपर्यंतच्या पंडितांत या प्रश्नावर जे वाद झाले, त्यांची सुरुवात पार्थपूरच्या या ग्रंथापासून धरली जाते.

सूर्यदासाच्या हातून शिकवणारे लिखाण अधिक झाले. वयाच्या एकतिसाव्या वर्षी, १५३८ मध्ये, त्याने भास्कराचार्यांच्या बीजगणितावर ‘सूर्यप्रकाश’ ही टीका लिहिली आणि १५४१ मध्ये ‘लीलावती’वर ‘गणितामृतकूपिका’. टीका म्हणजे त्या काळातली शिक्षकाची वहीच. सूत्रातला शब्द फोडायचा, नियम का खरा ठरतो ते सांगायचे आणि उदाहरण सोडवून दाखवायचे. याच सूर्यदासाने ‘रामकृष्णविलोमकाव्य’ रचले. त्यातले श्लोक सरळ वाचले तर रामकथा, उलट वाचले तर कृष्णकथा. अक्षरांवर एवढी हुकमत असलेला माणूस गणित समजावतो तेव्हा शब्द नेमका पडतो. कोलब्रुक या इंग्रज पंडिताने १८१७ मध्ये लंडनला ‘लीलावती’ आणि बीजगणिताचे इंग्रजी भाषांतर छापले, तेव्हा आधाराला घेतलेल्या टीकांत सूर्यदासाच्या या दोन्ही टीका होत्या.

या शिक्षणात हाताने करण्याचा भाग थोडा होता, पण पक्का होता. त्याचा मुख्य पाठ शंकूचा. अंगणातली जागा पाणी सोडून सपाट करून घ्यायची, त्यावर दोरीने वर्तुळ काढायचे आणि मध्यभागी बारा अंगुळे उंचीचा शंकू उभा करायचा. सकाळची लांब सावली आखडत येते आणि तिचे टोक वर्तुळाच्या रेषेवर येते, तिथे एक खूण. दुपार टळल्यावर सावली पुन्हा लांबते आणि दुसऱ्या बाजूने रेषेवर येते, तिथे दुसरी खूण. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. खुणांवरून दोन छेदणारी वर्तुळे काढली की मध्ये माशाचा आकार होतो, त्याला मत्स्य म्हणतात. त्याच्या तोंडातून शेपटीकडे गेलेली रेषा दक्षिणोत्तर.

दिवस आणि रात्र सारखी असतात त्या दिवशी माध्यान्हीला पडणारी या शंकूची सावली म्हणजे पलभा. पाथरीचे अक्षांश सुमारे १९ अंश १५ कला. तिथे पलभा ४ अंगुळांहून किंचित जास्त, साधारण ४.२ येते. एवढ्या एका मापावरून पुढचे गणित चालते. पलभेला अनुक्रमे १०, ८ आणि ३⅓ ने गुणले की ४२, ३४ आणि १४ ही चरखंडे मिळतात. ती पळांत असतात आणि त्यांची बेरीज ९०, म्हणजे दीड घटी. वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी सूर्य दीड घटी लवकर उगवतो आणि दीड घटी उशिरा मावळतो. तीस घटींच्या दिवसात तीन मिळवले की ३३ घटी, म्हणजे आजच्या मापाने १३ तास १२ मिनिटे. घड्याळाशी ताडून पाहिले तर हे उत्तर पाच-सहा मिनिटांच्या फरकाने जुळते. अंगणातल्या काठीच्या सावलीवरून जूनमधला दिवस किती मोठा होणार हे आधी सांगता येते, हा अनुभव ज्याला लहानपणी मिळाला त्याला गणिताची भीती उरत नाही.

इतर घरांतूनही अशी साधने तयार झाली. १५२० मध्ये गणेश दैवज्ञाने कोकणातल्या नांदगावी ‘ग्रहलाघव’ लिहिले आणि त्रिकोणमितीतल्या ‘ज्यां’ची कोष्टके टाळून पंचांगाचे गणित सोपे केले. गोदावरीच्या उत्तर तीरावरच्या गोलग्रामचा दिवाकर हा गणेशाचा शिष्य. त्याच्या मुलांपैकी मल्लारीने ‘ग्रहलाघवा’वर उपपत्तीसह टीका लिहिली आणि विश्वनाथाने १६१२ च्या सुमारास प्रत्येक नियमाचे सोडवलेले उदाहरण दिले. एका भावाने कारण सांगितले, दुसऱ्याने करून दाखवले. हे कुटुंब पुढे काशीला गेले आणि त्यातल्याच कमलाकराचा ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ १६५८ मध्ये तिथेच पूर्ण झाला.

या परंपरेची मर्यादा मोठी होती. हे शिक्षण संस्कृतात होते आणि ते ब्राह्मण घरांतल्या मुलग्यांनाच मिळे. त्याच घरातल्या मुलींनाही ते खुले नव्हते. गावातल्या बाकी मुलांपर्यंत त्यातले पोहोचत असे ते पंचांगातून. जोशी पाडव्याला वर्षफळ वाचे, सूर्याची नक्षत्रे आणि त्यांची वाहने सांगे. मृगात पेरणी, हस्ताचा पाऊस हे शेतकऱ्याच्या घरात मुलाला बापाकडून कळे. प्रत्येक सूर्यनक्षत्र तेरा-चौदा दिवसांचे असल्याने पावसाळ्याचे वेळापत्रक तोंडपाठ होई, पण त्यामागचे गणित मात्र जोशाच्या घरातच राही. ज्ञान वाटले गेले ते निष्कर्षापुरते, आणि याची किंमत मराठवाड्याने दीर्घकाळ मोजली.

पुढे हैदराबादच्या निजामाच्या राजवटीत माध्यमिक शिक्षण उर्दूतून होते. हैदराबादला १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात आधुनिक विज्ञानही उर्दूतच शिकवले जाई. मराठी मुलाला ते समजून घ्यायचे तर घरी कोणीतरी मराठीतून सांगावे लागे. पुण्यात ‘सृष्टिज्ञान’ हे विज्ञानाचे मासिक १९२८ मध्ये निघाले, ते पलीकडच्या इंग्रजी मुलखात. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले, १९५६ मध्ये परभणीला कृषी महाविद्यालय आणि १९७२ मध्ये कृषी विद्यापीठ झाले. १९६७ मध्ये बालभारती स्थापन झाली आणि विज्ञानाचे एकच मराठी पुस्तक पाथरीच्या आणि पुण्याच्या मुलाच्या हाती येऊ लागले.

बालभारतीच्या अलीकडच्या पुस्तकांत तिसरी ते पाचवीला परिसर अभ्यास आहे, सहावीपासून सामान्य विज्ञान. सावलीचा धडा सहावीच्या सामान्य विज्ञानात ‘प्रकाश व छायानिर्मिती’ या नावाने येतो, तर ऋतू कसे होतात ते सातवीच्या भूगोलात. जे पार्थपूरला एकाच ग्रंथात होते ते आता दोन विषयांत आणि दोन वर्षांत विभागले आहे. घरी शिकवणाऱ्या पालकाला ते पुन्हा एकत्र आणणे शक्य असते, कारण त्याला तासिकांचे बंधन नसते.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयाच्या मुलांना मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला. घरी शिकणाऱ्यांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची तिसरी, पाचवी आणि आठवीच्या समकक्ष पातळ्यांची सोय आहे. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळातूनही पाचवी आणि आठवीची परीक्षा देता येते. २०२० मध्ये मार्चपासून शाळा बंद झाल्या आणि परभणी जिल्ह्यातल्या प्रत्येक घरावर शिकवण्याची जबाबदारी अचानक आली. तेव्हा २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. तिचे पाठ बालभारतीच्या पुस्तकांवर बेतलेले होते, पण त्यांत फळा नव्हता आणि व्याख्यान नव्हते. घरातल्या आणि अंगणातल्या वस्तू घेऊन मुलाने घरच्यांसोबत करून पाहायचे उपक्रम होते, आणि त्यासाठी इंटरनेट लागत नव्हते, घरातला दूरदर्शन संच पुरत होता.