१७. साठ शब्दांचा ठराव

लष्करी बळ वापरण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना देणारा अमेरिकी काँग्रेसचा २००१चा ठराव. त्यातील मुख्य वाक्य मूळ इंग्रजीत ६० शब्दांचे आहे, म्हणून हे नाव. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर तिसऱ्याच दिवशी, १४ सप्टेंबरला, तो सिनेटमध्ये ९८ विरुद्ध ० आणि प्रतिनिधिगृहात ४२० विरुद्ध १ मतांनी संमत झाला. १८ सप्टेंबरला जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी त्यावर सही केली. विरोधातले एकमेव मत कॅलिफोर्नियाच्या डेमोक्रॅट सदस्य बार्बरा ली यांचे होते. हल्ले घडवणारी, त्यांना साहाय्य करणारी किंवा हल्लेखोरांना आश्रय देणारी राष्ट्रे, संघटना व व्यक्ती यांच्याविरुद्ध आवश्यक ते बळ वापरण्याची मुभा हा ठराव देतो. अशी राष्ट्रे वा संघटना कोणत्या, हे ठरवणे मात्र राष्ट्राध्यक्षांवरच सोपवतो. त्यात अल-कायदाचे नाव नाही, अफगाणिस्तानचा उल्लेख नाही आणि मुदतही नाही. त्यामुळेच पुढे येमेन व सोमालियातील आणि २०१४पासून इराक व सीरियातील इस्लामिक स्टेटविरुद्धच्या कारवायांनाही याच ठरावाचा आधार दाखवला गेला. वस्तुतः इस्लामिक स्टेट या नावाची संघटना २००१ साली नव्हती. प्रस्तुत उताऱ्यातील ‘संपत नसलेली परवानगी’ हे शब्द या अर्थाने घ्यावेत. इराक युद्धासाठीचा ऑक्टोबर २००२चा ठराव वेगळा आहे. दोहोंची गल्लत करू नये. – संपादक